काडीचा खेळ

पाठीवर थाप पडली तसे धनाजी सर दचकले आणि बशीतला चहा गुडघ्यावर सांडला. भोरच्या एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. विंझरचे खो-खोचे सामने झाल्यापासून ते असेच बसत; येणाऱ्याजाणाऱ्याशी नजरानजर व्हायला नको. त्यामुळे मागून कोण आलं ते त्यांना दिसलं नाही. दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक जाड, गरम तळवा येऊन बसला आणि बसूनच राहिला, एवढंच कळलं.

"सर, मानलं तुमाला," तळव्याचा मालक म्हणाला आणि समोर येऊन बाकावर टेकला. चाळिशीचा माणूस, गळ्यात मफलर, बोटात टेम्पोची किल्ली. "वळखलं न्हाई ना? म्या गोरख. विंझरचा. भाजीचा टेम्पो हाय माजा. त्या दिवशीच्या फायनलला म्या पार खांबाजवळच हुबा व्हतो."

"हो का," सर म्हणाले.

"पोरगी तुमच्या हाताखालची, आन् पंचबी तुमीच. आमची समदी पोरं वरडत व्हती. मीबी वरडत व्हतो, खोटं कशाला बोलू? म्हनलं, हा मानूस काय आपली पोरगी बाद देतोय व्हय. आन् तुमी फर्रकन शिट्टी मारली. आमचं त्वांडच बंद झालं."

सरांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही काय ओरडला होतात?"

गोरख ओशाळून हसला. "'मामा पंच, भाची पळतीय.' त्ये मीच म्हनलो व्हतो. मापी असावी सर. आमी आपली अडानी मानसं. पर आमच्या आळीत अजून तुमचंच नाव चाललंय. ह्ये बगा." त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर धनाजी सर होते. तोंडात शिट्टी, उजवा हात आभाळाकडे, चेहरा दगडी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'असा पंच पुन्हा होणे नाही', आणि पुढे जोडलेल्या हातांची रांग. फोटोच्या कडेला, अर्धी कापली गेलेली, प्रांजल होती. पळता पळता थांबलेली, वळलेली. ती सरांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. फळ्यावरचं गणित नीट सोडवलेलं असताना गुरुजींनी त्यावर फुली मारली, की पोर आधी गणिताकडे बघतं, मग गुरुजींकडे, आणि मग पुन्हा गणिताकडे. तिचं ते मधलं बघणं फोटोत सापडलं होतं.

"सरांचा च्या माज्याकडं रं," गोरखने गल्ल्याकडे बघून सांगितलं आणि उठताना पुन्हा एकदा, त्याच जागी, थोपटलं.

बाजारपेठेतून नदीकडे जाताना ती जागा गरमच होती. सरांनी खांदे हलवून पाहिले, शर्ट मागून ओढून घेतला. उन्हं कलली होती आणि हवेत गारवा होता. भात झोडून झालेल्या गावांकडून पेंढ्याची गाडी आली होती आणि रस्ताभर काड्या सांडल्या होत्या. त्यांनी सवयीने वाकून एक लांब, सरळ काडी उचलली आणि खिशाला लावली. मग त्यांच्या लक्षात आलं, की गोरखला सांगायचं वाक्य ओठांवर आलं होतं आणि ते चहाबरोबर गिळून टाकलं होतं. वाक्य अगदी साधं होतं. बाबा रे, मी त्या क्षणी पोरीकडे बघत नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो.

आपल्याकडच्या सामन्यांना पंच नेहमीच कमी पडतात. मग संघ घेऊन आलेले मास्तरच गळ्यात शिट्टी अडकवून आळीपाळीने उभे राहतात. आपल्या संघाच्या सामन्याला मात्र आपण उभं राहायचं नाही, एवढा रिवाज सगळे पाळतात. त्या दिवशी अंतिम सामन्यात सरांचाच संघ होता, आणि तरीही समोरच्या संघाचा तरुण मास्तर आपणहून म्हणाला, "सर, तुम्हीच उभे राहा. तुमच्या शिट्टीवर कोण बोट ठेवणार?" सरांनी नको नको म्हटलं, पण ते एकदाच. आत कुठेतरी गुळाचा खडा विरघळावा तसं झालं होतं. आता चालता चालता त्यांना त्या गोडव्याचीच शिसारी येत होती. तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला माणसाकडे दुसरं काहीतरी असावं लागतं, आणि धनाजी सरांनी त्या एका शिट्टीखेरीज आयुष्यात काही मिळवलं नव्हतं.

त्यांचे वडील एस्टीत कंडक्टर होते. पोराने डेपोत चिकटावं असं त्यांच्या मनात होतं आणि पोराने खेळ शिकवायचा ध्यास घेतला. पुण्याला जाऊन शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, परत येऊन अनुदान नसलेल्या शाळांमधून वर्षानुवर्षं फिरला. "शिट्टी फुंकून चूल पेटत नसती धना," वडील म्हणायचे, "त्याला फुंकणी लागती." घरात पाहुणे आले की हे वाक्य ठरलेलं, आणि पाहुण्यांचं हसणंही ठरलेलं. पुढे नोकरी कायम झाली, निवृत्तीही झाली, नदीकाठच्या मैदानावर संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. पण पेपरात नाव यावं असा एकही खेळाडू सरांच्या हातून घडला नाही. त्यांना त्याचं फारसं वाटायचं नाही. त्यांना आवडायची ती बारकी पोरं, नाकातला शेंबूड बाहीला पुसणारी, डावा-उजवा न कळणारी. त्यांना नीट बसायला शिकवावं, उठायला शिकवावं, आणि एक दिवस ती वाऱ्यासारखी खांबाला वळसा घालून जाताना बघावं. बाकी मग एवढंच होतं, की भोरपासून वेल्ह्यापर्यंत लोक म्हणायचे, धनाजी सरांची शिट्टी म्हंजे शिट्टी. वडिलांच्या फुंकणीला त्यांच्यापाशी तेवढं एकच उत्तर होतं.

नव्या पोरांना सर पहिले काही दिवस पळूच देत नसत. त्यांना रांगेत मांडी घालून बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि पेंढ्याची काडी घेऊन मागून फिरायचे. काडी ज्याच्या पाठीला लागेल त्याने हात वर करायचा. लागून कळली नाही, किंवा न लागताच हात वर केला, तर तो बाद. त्याने उठून भिंतीकडच्या ओट्यावर जाऊन बसायचं. पोरं खिदळायची, फसायची, मग हळूहळू गप्प होत जायची. शर्टाच्या आत, कातडीच्या आत कुठेतरी ती कान देऊन बसायची, आणि मैदानावर इतकी शांतता पसरायची की पलीकडे नदीवर आपटलेलं धुणं ऐकू यायचं. मग सर म्हणायचे, "खो-खोत मागून कुणाचा हात लागला ते सगळ्यात आधी कुणाला कळतं? पंचाला नाही, आपल्या पाठीला. पंच चुकेल, पाठ चुकत नाही. लागला, तर शिट्टीची वाट न बघता आपण होऊन बाहेर व्हायचं. आणि नाही लागला, तर पळत राहायचं."

प्रांजल या खेळात कधी चुकली नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथली ती. शाळेसाठी भोरला आत्याकडे, चंद्राबाईंकडे राहायची. पहिल्या दिवशी ती आत्याचा पदर धरून आली होती, आणि तेव्हापासून काडी लागायच्या आधीच तिच्या मानेवरची लव उभी राहायची. "हिला काडीची सावलीसुद्धा कळते," असं सर बाकीच्यांना सांगायचे. आता ती नववीत होती. संध्याकाळी सर यायच्या आधी बारक्यांना ती रांगेत बसवून ठेवायची. एकदा म्हणाली होती, "सर, मला तुमच्यासारखं कोच व्हायचंय. पळनारी लई झाल्यात, शिकवनारं कोन न्हाई." सर हसले होते आणि म्हणाले होते, "शिट्टीवर चूल पेटत नाही बरं." बोलून गेल्यावर त्यांना नवल वाटलं होतं, की हे वाक्य आपल्या तोंडात इतकी वर्षं टिकून राहिलं. प्रांजल मात्र हसली नव्हती. "पेटंल की," म्हणाली होती.

विंझरच्या मैदानावर त्या दुपारी धूळ उडत होती. शेवटचा डाव होता, सरांच्या संघाच्या बाकीच्या सगळ्या मुली बाद झाल्या होत्या आणि एकटी प्रांजल पळत होती. ती टिकली असती तर सामना जिंकला होता, आणि जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला आलेली माणसं खुर्च्यांवरून पुढे सरकून तिच्याकडेच बघत होती. ती खांबाशी आली. मागून पाठलाग करणारी मुलगी झेपावली. प्रांजल कमरेतून वळली, वेताच्या छडीसारखी, आणि नेमका तेव्हाच गर्दीतून आवाज आला, मामा पंच, भाची पळतीय, आणि हशा उसळला. सरांची मान वळली. कानांच्या पाळ्या तापल्या. मान परत फिरली तेव्हा झेपावलेला हात प्रांजलच्या पाठीमागे हवेत होता. आत्ताच लागून निघालेला, किंवा लागायचाच राहून गेलेला. शिट्टी वाजली. आपण ती वाजवली हे सरांना आवाज ऐकून कळलं. पाठलाग करणाऱ्या पोरीने हात वरसुद्धा केला नव्हता. शिट्टी ऐकून ती थांबली आणि आपल्याच तळव्याकडे बघत राहिली. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. शिट्टीनंतरचं सगळं त्यांना लख्ख दिसलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या संघाने जिंकल्याच्या वाजवल्या, आणि मग वेगळ्या, सावकाश टाळ्या आल्या. त्या सरांसाठी होत्या.

पण इथवर ती नुसती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते; पंच चुकेल हे तर ते स्वतःच शिकवत आले होते. लाज तिथली नव्हती. नंतर लिंबाच्या झाडाखाली प्रांजलचे वडील आले, भिमा, खांद्यावर घोंगडी, सामना बघायला मेंढरं भावावर टाकून डोंगर उतरून आलेले. प्रांजल त्यांना हळू आवाजात म्हणत होती, "आबा, न्हाई लागला. आईशप्पत न्हाई लागला." सर जवळ आले तशी ती गप्प झाली. भिमाने सरांना वाकून नमस्कार केला. "तुमी न्याव केला सर. आमची म्हून सोडली न्हाई." मग लेकीकडे वळून, समजुतीने, अगदी मायेने म्हणाला, "सरांनी बगितलं म्हंजे लागलाच आसंल, बाय. तुला कळलं नसंल, पळायच्या नादात. सर खोटं बोलत्याल व्हय?" प्रांजलने तेव्हा सरांकडे पाहिलं होतं. दोघंही वाट बघत होते. बाप त्यांच्या हो म्हणण्याची आणि पोर त्यांच्या नाही म्हणण्याची. सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी बोटाभोवती गुंडाळली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाणी प्यायलात का भिमाजी?"

पाणी. त्या रात्री घरी ताटावर बसल्यावर नूतनताईंनी, त्यांच्या बायकोने, शेजारणीच्या मोबाईलमधला फोटो पाहिल्याचं सांगितलं. "सगळी आळी म्हणते, देवमाणूस," त्या म्हणाल्या, आणि भात वाढता वाढता थांबल्या. "मग देवमाणसाच्या घशाखाली घास का उतरत नाही?"

आज सर मैदानावर पोचले तेव्हा बारकी पोरं आली होती. प्रांजल खांबाला टेकून उभी होती. शाळेच्या गणवेशातच होती, पायांत चपला. पळायला येताना ती चपला आत्याच्या दारातच ठेवून यायची.

"कपडे बदलले नाहीस?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. मी आता बारक्यांनाच बघत जाईन. पळत न्हाई."

"का?"

तिने चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढली. "मला लागलेलं कळत न्हाई ना. परवा शाळेच्या पोरींत पळत व्हते, तर सारकं वाटाय लागलं, लागला का, लागला का. मी दोनदा आपली आपनच बाद झाले. पोरी हसाय लागल्या. म्हनल्या, तुला कुनी शिवलंच न्हाई, येडी का काय?" ती सांगत होती ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. गुडघा दुखतोय असं सांगावं तसं सांगत होती. "आबा म्हनले तसंच आसंल. पळायच्या नादात कळत नसंल."

सरांना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण तेवढ्यात शेफालीने, पहिलीतल्या सगळ्यात बारक्या पोरीने, त्यांची पँट ओढली. "सर, काडीचा खेळ घ्या ना. तुमच्या खिशाला काडी हाय."

"बसा रांगेत," सर म्हणाले. "प्रांजल, तूही बस."

"मी?"

"तूच."

ती रांगेच्या टोकाला बसली, वेणी पुढे घेतली, डोळे मिटले. सर काडी घेऊन मागून फिरू लागले. एकाच्या पाठीला लावली, हात वर झाला. दुसऱ्याला लावली नाही, हात खालीच राहिला. शेफाली काडी यायच्या आधीच खुदखुदत होती. हे सगळं हात आपणहून करत होता. मन मघापासून रांगेच्या टोकाशी जाऊन उभं होतं. तिथे पोचल्यावर त्यांनी काडी प्रांजलच्या पाठीमागे धरली. लावली नाही. काडीच्या टोकात आणि तिच्या गणवेशात तळवा मावेल एवढी जागा होती. सर उभे राहिले. आयुष्यात कधी देवापुढे मागितलं नव्हतं तसं ते मागत होते, की हिचा हात खाली राहू दे. तिचे खांदे आखडले. मान किंचित कलली, आणि सरांना कळलं की ती ऐकते आहे. पाठीचं नाही, त्यांच्या श्वासाचं, ते नेमके कुठे उभे आहेत आणि किती वेळ उभे आहेत त्याचं. मग हळूच, वर्गात उत्तर येत नसलेल्या पोराने करावा तसा अर्धा, तिने हात वर केला.

"ताई, न्हाई लागली!" शेफाली एका डोळ्याने बघतच होती. "सरांनी लावलीच न्हाई." रांग हसली.

प्रांजलने डोळे उघडले आणि मागे वळून सरांकडे पाहिलं. फोटोतलंच बघणं. "चुकले का?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी इतका वेळ थांबला म्हंजे लागलीच आसंल." आणि ओट्याकडे जायला उठली.

"तू थांब," सर म्हणाले. त्यांनी काडी तिच्या हातात दिली. मग तिच्या जागेवर, रांगेच्या टोकाला, मातीत बसले. गुडघे वाजले, पोरं पुन्हा हसली. त्यांनी मांडी घातली, डोळे मिटले. "आता तू लाव."

पापण्यांआड उन्हाचा तांबूस रंग होता. तिच्या चपला त्यांच्या मागे गेल्या आणि थांबल्या. "प्रांजल," ते म्हणाले, "विंझरला तुला हात लागला, हे मी पाहिलं नव्हतं." शेजारची खिदळ थांबली. "माझं लक्षच नव्हतं. लोक हसले म्हणून मी लोकांकडे बघत होतो. आणि मग त्यांनी मला पक्षपाती म्हणू नये म्हणून शिट्टी वाजवली. तू नाही लागला म्हणत होतीस, म्हणजे नव्हता लागला. तुझ्या आबांसमोर हे सांगायचं होतं. तिथेही मी बोललो नाही. आता वस्तीवर जाऊन त्यांना सांगेन." त्यांना आणखी बोलायचं होतं, पण पुढच्या शब्दांत आपली बाजू येते आहे असं त्यांना वाटलं आणि ते थांबले.

नदीवर धुणं आपटत होतं. स्टँडवरून गाडी सुटली, चढावर तिचा गिअर बदलला. सरांनी सगळं लक्ष पाठीत गोळा केलं. ती निघून गेली का? उभी आहे का? काडी कुठे आहे? पाठीच्या मधोमध फक्त गोरखच्या तळव्याची ऊब होती, हॉटेलापासून तशीच बसलेली, आणि तिच्याखाली काहीच कळत नव्हतं. ते वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत किती पोरांना त्यांनी असं बसवलं होतं, आणि या बाजूने हे किती लांब, किती एकटं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"सर," शेफाली कुजबुजली. "हात वर करा की. ताईनं कवाचीच लावलीया."

सरांनी अजून एकदा पाठीला विचारलं. पाठ गप्प होती. त्यांनी हात वर केला.

"आता काय उपेग," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "सर बाद."

कुणी हसलं नाही. मागून प्रांजलचा आवाज आला, रांगेला ऐकू जाईल असा. "सर, उठा. बाद झालेल्यानं ओट्यावर बसायचं."

ते हात टेकून उठले, मातीने भरलेली पँट न झटकता ओट्यापाशी गेले आणि बसले. तिथून त्यांना दिसलं, की प्रांजलने चपला काढून खांबाशी ठेवल्या. काडी घेऊन ती रांगेच्या मागे गेली. एका पोराची मान तिने दोन बोटांनी सरळ केली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मी कुठं उभी हाय त्ये ऐकायचं न्हाई. पाठीला इचारायचं."

पोरांनी डोळे मिटले. ओट्यावर धनाजी सर ताठ बसून राहिले. मागे भिंत होती, दिवसभराच्या उन्हाने ऊबदार झालेली; पण तिला पाठ टेकवायचा धीर काही त्यांना झाला नाही.